झाडांना व्हिटॅमिन द्यायचं का? नागपूरच्या कुंडीवाल्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

मार्चपासून ऊन तापायला लागलं की हेच प्रश्न परत परत येतात, कुणाचा मोगरा फुलत नाही, कुणाचा गोडनिंब (कढीपत्ता) पिवळा, आणि घरातल्या कपाटात बी-कॉम्प्लेक्सची पट्टी पडलेलीच असते. म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवले. वरून वाचत आलात तर बरं, पण घाई असेल तर ज्यांची पानं पिवळी आहेत त्यांनी सरळ प्रश्न ७ वर जावं, नागपुरात दहातल्या बहुतेक तक्रारी तिथेच सुटतात.

१. झाडांना व्हिटॅमिनच्या गोळ्या किंवा व्हिटॅमिनवालं टॉनिक दिलं तर फायदा होतो का? सरळ सांगा.

नाही. मातीत लावलेल्या, पानं असलेल्या, बऱ्यापैकी ऊन मिळणाऱ्या झाडाला बाहेरून व्हिटॅमिन देऊन काही मिळत नाही. का नाही ते पुढच्या प्रश्नात. थोडे अपवाद आहेत, ते प्रश्न १४ आणि १५ मध्ये, पण ते तुमच्या बाल्कनीतले नाहीत.

२. म्हणजे झाडाला व्हिटॅमिन लागतच नाही का?

लागतं, भरपूर लागतं, पण ते झाड स्वतः बनवतं. बी-वन म्हणजे थायमिन, बी-टू, नायसिन, बी-सिक्स, फोलेट, व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई, हे सगळं झाडाच्या पेशीत तयार होतं, आणि गाजर-पालकात जे बीटा कॅरोटीन असतं त्यापासून आपलं शरीर व्हिटॅमिन ए बनवतं. आपण जे व्हिटॅमिन खातो त्यातलं बरंचसं मुळात झाडांनीच केलेलं असतं. ज्याच्या घरी चक्की आहे त्याला शेजारून वाटीभर पीठ आणून देण्यात काय अर्थ आहे, तसं हे. व्हिटॅमिन सी तर पानात इतकं असतं की कडक उन्हात प्रकाशामुळे जे नुकसान होऊ शकतं ते थोपवायला झाड तेच वापरतं. बी-१२ मात्र झाड बनवत नाही आणि त्याला ते लागतही नाही, त्याचं प्रश्न १७ मध्ये.

३. मग व्हिटॅमिन आणि खत यात फरक काय, दोन्ही "पोषण"च ना?

मोठा फरक आहे आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. व्हिटॅमिन हे कार्बनचे गुंतागुंतीचे रेणू, झाड ते घडवू शकतं. लोह, जस्त, नत्र, स्फुरद, पालाश ही मूलद्रव्यं, ती कोणीच घडवू शकत नाही, झाडही नाही, ती माती, पाणी, हवेतूनच यावी लागतात. झाडाला अशी १७ मूलद्रव्यं लागतात. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन हवा-पाण्यातून, बाकी १४ मुख्यतः मुळांवाटे. त्यामुळे झाड "कमजोर" दिसलं की यातलं काय कमी पडतंय किंवा असूनही मुळांना मिळत का नाही हे बघायचं, कुठलं व्हिटॅमिन कमी पडलं हे नाही.

४. पण बी-वन मुळांसाठी चांगलं असतं असं सगळेच म्हणतात, नर्सरीवालेसुद्धा. हे आलं कुठून?

हे हवेतून आलेलं नाही, खऱ्या प्रयोगातून आलं आणि मग भलतीकडे गेलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९३० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये जेम्स बॉनर नावाचे शास्त्रज्ञ वाटाण्याच्या मुळांवर काम करत होते. मुळाचं टोक कापून घ्यायचं आणि निर्जंतुक भांड्यात साखर-खनिजांच्या पाण्यात वाढवायचं. नुसत्या साखर-खनिजावर ती वाढेनात, थायमिन घातलं की वाढायची. म्हणजे मुळाला वाढायला थायमिन लागतं हे पक्कं झालं. त्याच सुमारास, १९३६ मध्ये, थायमिन कारखान्यात बनवायची रीत सापडली, त्यामुळे ते स्वस्त व्हायला लागलं. सुरुवातीच्या काही प्रयोगांत कुंडीतल्या झाडांनाही फायदा दिसल्यासारखा वाटला आणि १९३९ च्या शेवटी तिथल्या एका मोठ्या मासिकात पाच इंची गुलाबकळ्या वगैरे छापून आलं, मग काय, लोकांनी दुकानं रिकामी केली.

यात सुटलेली गोष्ट अशी की भांड्यातलं ते मूळ कापलेलं होतं, त्याला पानंच नव्हती. अख्ख्या झाडात थायमिन पानांत बनतं आणि खाली मुळांकडे जातं, मुळाला ते घरूनच मिळतं. पुढे १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अख्ख्या झाडांवर नीट तुलना करून प्रयोग झाले तेव्हा फायदा दिसला नाही, आणि असं सांगणाऱ्यांत खुद्द बॉनर होते. मला या गोष्टीत त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. पण तोवर बाटल्यांवर "बी-वन" छापलं गेलं होतं आणि ते आजही छापलं जातं.

५. मी स्वतः बी-वनवालं लिक्विड टाकलं आणि आठ दिवसांत रोप तरारलं. डोळ्यांनी पाहिलंय, ते खोटं कसं?

तुम्ही पाहिलं ते खरंच आहे, कारण वेगळं आहे. एक तर अशा बऱ्याच लिक्विडमध्ये एकटं बी-वन नसतं, सोबत एनएए नावाचं ऑक्झिन असतं, म्हणजे मुळं फुटायला चालना देणारं संप्रेरक, शिवाय थोडं नत्र-लोह-जस्तही असतं, मग जो काय परिणाम दिसतो तो या मंडळींचा. दुसरं, लिक्विड टाकताना आपण लिटरभर पाणीही टाकतो आणि त्या आठवड्यात त्या झाडाकडे जास्त लक्ष देतो. तिसरं, बरीचशी रोपं लावल्यावर आठ-दहा दिवसांत आपली आपण सावरतातच, बाटली उघडली नसती तरी सावरली असती. शेजारी तशीच दुसरी कुंडी नुसत्या पाण्यावर ठेवलेली नसेल तर हे कळायला मार्ग नाही. ते कसं करायचं ते प्रश्न २० मध्ये आहे.

कटिंगला मुळं फोडायची असतील तर मग सरळ रूटिंग पावडर घ्या, त्यात आयबीए (हेही एक ऑक्झिन) किंवा एनएए असतं आणि ते खरंच काम करतं. मात्र ही संप्रेरकं जास्त झाली तर उलट मुळांची वाढ थांबवतात, "थोडं जास्तच टाकू" इथे चालत नाही.

६. नर्सरीतून आणलेलं रोप कुंडी बदलली की मान टाकतं. व्हिटॅमिन नाही तर मग काय द्यायचं?

पाणी, सावली आणि थोडे दिवस. कुंडी बदलताना केसासारखी बारीक मुळं तुटतात, पाणी तीच ओढतात, पण पानं मात्र पहिल्याइतकंच पाणी उडवत असतात, म्हणून रोप कोमेजतं. उपाय त्याच हिशेबाने करायचा. लावायच्या आदल्या संध्याकाळी रोपाला भरपूर पाणी द्या, संध्याकाळीच लावा, लावल्यावर खालून पाणी निघेपर्यंत द्या म्हणजे मुळाभोवतीची पोकळी बसते, आणि आठवडाभर हिरव्या नेटखाली किंवा पूर्वेकडच्या भिंतीशी ठेवा. पहिले दोन-तीन आठवडे रासायनिक खत नको, तुटलेल्या मुळांना क्षार सोसत नाहीत.

आणि एप्रिल-मेमध्ये नागपुरात कुंड्या बदलूच नका. बाहेर ४५ डिग्री असताना गच्चीच्या स्लॅबवर ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतली माती हवेपेक्षाही जास्त तापते, मुळं अक्षरशः शिजतात. नवतपा होऊ द्या, पाऊस सुरू होऊ द्या, जूनच्या शेवटापासून जुलै-ऑगस्टमध्ये जे रोप लावाल ते सहज जगतं. फारच अडलं तर कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधे ओलं पोतं भरा.

७. ताई, गोडनिंबाची नवीन पानं पिवळी येऊन राहिली, शिरा तेवढ्या हिरव्या. बी-कॉम्प्लेक्स टाकू का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. टाकू नका, हे व्हिटॅमिनचं नाही, लोहाचं दुखणं आहे. गोडनिंब, जास्वंद, गुलाब, लिंबू, संत्रा, गार्डेनिया या सगळ्यांना नागपुरात होतं.

आपली काळी माती बसाल्ट खडकापासून झालेली, तिच्यात बहुतेक ठिकाणी चुनखडी असते आणि पीएच, म्हणजे माती किती आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा, साडेसात ते साडेआठच्या आसपास. अशा मातीत लोह भरपूर असतं पण विरघळत नाही. पीएच एका अंकाने वाढला की लोहाची विद्राव्यता साधारण हजारपट कमी होते, म्हणजे मूळ लोहाच्या ढिगाऱ्यात बसूनही उपाशी. त्यात बोअरचं जड पाणी दिलं की कुंडीत चुना अजून साठतो. लोह झाडात जुन्या पानातून नव्या पानाकडे सरकत नाही, म्हणून पिवळेपणा नेहमी शेंड्याच्या कोवळ्या पानांवर आधी दिसतो. ही खूण लक्षात ठेवा, कारण जुनी खालची पानं सरसकट पिवळी पडत असतील तर ते बहुधा नत्र कमी पडल्याचं, आणि जुन्याच पानांत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियमचं.

करायचं काय, तर आधी कुंडीत बोट खुपसून बघा, माती सतत ओलीगच्च असेल तर मुळांना हवा नाही, आणि हवा नसलेलं मूळ लोह ओढू शकत नाही. अशा वेळी पाणी कमी करणं हाच पहिला उपाय, पावसाळ्यात तर हमखास. निचरा चांगला असेल तर फेरस सल्फेट म्हणजे हिराकस ३ ग्रॅम एका लिटर पाण्यात, त्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्व टाकून, ऊन उतरल्यावर कोवळ्या पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी परत. पाणी ताजं बनवायचं, तांबूस झालं की लोह वाया गेलं. भिंतीवर, फरशीवर उडू देऊ नका, डाग जात नाहीत.

मातीतून द्यायचं असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून विरघळतं ठेवलेलं लोह घ्या, पण पाकिटावर बघा. धरणारा रेणू ईडीटीए असेल तर आपल्या चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही, ईडीडीएचए पाहिजे, लालसर तपकिरी पावडर असते, महाग असते, पण आपल्या मातीत टिकणारं तेच. आणि पुढच्या वेळी कुंडी भरताना नुसती काळी माती भरू नका, एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग कोकोपीट किंवा धानाचं तूस, भंडारा-गोंदियाकडचं तूस आपल्याकडे सहज मिळतं.

८. मग घरात आयर्नच्या, कॅल्शियमच्या, झिंकच्या गोळ्या आहेत, ती तर खनिजं आहेत ना, त्या टाकल्या तर?

विचार बरोबर दिशेने आहे, पण गोळी चालत नाही. आयर्नच्या बऱ्याच गोळ्यांत फेरस फ्युमरेट असतं, ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही, आणि जे विरघळेल ते चुनखडीच्या मातीत लगेच गंजून बसेल, म्हणजे प्रश्न ७ मधलीच अडचण. मोठ्या माणसांसाठी सरकारी दवाखान्यातून जी लोहाची गोळी मिळते तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं, आणि ३ ग्रॅम हिराकसात त्याच्या साधारण दहापट. कॅल्शियमची गोळी बहुतेक करून कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, आपल्या मातीत जे आधीच जास्त आहे तेच परत टाकणं. झिंकची कमतरता आपल्याकडे खरी आहे, पण झिंक सल्फेट कृषी केंद्रात स्वस्तात मिळतं.

अजून एक, आणि हे मनापासून. लोहाची गोळी ज्या बाईला, ज्या मुलीला दिलीय तिने ती खावी. आपल्याकडे ॲनिमिया घरोघरी आहे. झाडासाठी हिराकस आहे.

९. एक्स्पायर झालेल्या गोळ्या तरी कुंडीत टाकल्या तर चालतात का, फेकण्यापेक्षा बरं?

बी-कॉम्प्लेक्सच्या दोन-चार गोळ्यांनी काही बिघडणार नाही, काही सुधारणारही नाही, मातीतले जिवाणू खाऊन टाकतील, गोळीतल्या साखर-पिठाला मुंग्या येतील. पण बाकी औषधं, विशेष करून अँटिबायोटिक, कुंडीत अजिबात नको, मातीतल्या उपयोगी जिवाणूंवर परिणाम होतो आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार व्हायला मदत होते. खायच्या भाजीच्या कुंडीत तर कुठलंच औषध नको.

१०. व्हिटॅमिन सी ची गोळी पाण्यात टाकली की नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जातं म्हणतात. खरं आहे का?

केमिस्ट्री खरी आहे. ॲस्कॉर्बिक ॲसिड क्लोरीन लगेच निष्प्रभ करतं, १ मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण अडीच मिलिग्रॅम पुरतं. पण गरज नाही. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी शिल्लक असावं असं आपलं मानक आहे, नळाला एवढंच किंवा थोडं जास्त येतं आणि झाडांना त्याने काही होत नाही, मातीला लागताच ते संपतंही. वास येतच असेल तर बादली रात्रभर उघडी ठेवा. चघळायच्या गोळीत तर साखर आणि रंगही असतो. आपल्या पाण्यात बघायची गोष्ट क्लोरीन नाही, क्षार आहेत, तो पुढचा प्रश्न.

११. कूलरचं पाणी आणि आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना टाकून राहिलो, "मिनरल" मिळतात म्हणून. बरोबर आहे ना?

पाणी वाचवायची भावना अगदी बरोबर, पण जपून. कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात, वरून नवं पाणी भरलं की ते वाढत जातात, जाळ्यांवर जो पांढरा थर बसतो तो हाच. आठवडाभर न बदललेलं कूलरचं पाणी मोगरा, गोडनिंब, लिंबाच्या कुंडीत टाकलं तर पानांच्या कडा जळतात आणि लोक समजतात उन्हाने जळलं. हे "मिनरल" मुख्यतः कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, जे आपल्या मातीत कमी नाहीत, लोह-जस्त त्यात नसतं.

आरओच्या टाकाऊ पाण्यात मूळ पाण्याच्या साधारण दीड-दोनपट क्षार. नळाचं पाणी मूळचं हलकं असेल तर अर्धंअर्धं मिसळून चालतं, बोअरचं असेल तर कुंड्यांना नको, फरशी धुवा, संडासाला वापरा. अंगणात जमिनीत लावलेल्या कडुनिंब, बोगनवेल, कण्हेर यांना दोन्ही चालतात कारण पावसाळ्यात क्षार खाली वाहून जातात, कुंडीत मात्र अडकून राहतात. शंभर-दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) मिळतो, १००० च्या वर आकडा आला तर कुंडीला नाही म्हणजे नाही.

१२. संत्र्याच्या साली, तांदळाचं धुवण, केळीच्या साली, यात व्हिटॅमिन असतं ना?

असतं, पण झाडाला उपयोग त्यातल्या व्हिटॅमिनचा नाही, साल कुजल्यावर सुटणाऱ्या पालाश वगैरेचा आणि मातीत वाढणाऱ्या सेंद्रिय पदार्थाचा. तांदळाच्या धुवणात थोडं थायमिन उतरतं हे खरं, पण झाडाला मिळतं ते पाणी, थोडा स्टार्च, थोडी खनिजं. ताजं धुवण टाका, आंबवलेलं रोज टाकू नका, वास आणि बारीक माश्या होतात. साली कच्च्या कुंडीत पुरू नका, कुजताना नत्र तिथेच अडकतो, कंपोस्टच्या डब्यात घाला. डिसेंबर ते मार्च घरोघरी संत्र्याच्या सालींचा ढीग असतो, वाळवून बारीक करून कंपोस्टमध्ये थोड्या थोड्या मिसळल्या तर छान कुजतात. एकदम खूप टाकल्या तर सालीतल्या तेलामुळे कुजणं मंदावतं.

१३. ऍस्पिरिनचं काय? ते तर चालतं म्हणे.

ऍस्पिरिन व्हिटॅमिन नाही. त्याच्यासारखंच सॅलिसिलिक ॲसिड झाडं स्वतः बनवतात, रोग लागला की बाकी पानांना सावध करायला. बाहेरून अगदी थोडं फवारलं तर ही व्यवस्था जागी होते असं प्रयोगांत दिसलंय, पण मात्रा जराशी चुकली की पानं भाजतात, आणि लागलेला रोग त्याने बरा होत नाही. घरच्या दहा-वीस कुंड्यांसाठी मी सुचवणार नाही.

१४. टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये तर व्हिटॅमिन घालतातच. मग आम्ही का नाही?

घालतात, बरोबर. जगभर वापरलं जाणारं मुराशिगे आणि स्कूग यांचं १९६२ चं माध्यम आहे, त्यात लिटरला थायमिन ०.१, निकोटिनिक ॲसिड ०.५ आणि पायरिडॉक्सिन ०.५ मिलिग्रॅम असतं. पण त्याच लिटरमध्ये ३० ग्रॅम साखरही असते. म्हणजे बाटलीतला तो तुकडा स्वतःचं अन्नही बनवत नसतो, सगळंच बाहेरून द्यावं लागतं. बॉनर यांच्या कापलेल्या मुळाची जी स्थिती तीच याची, प्रश्न ४ बघा. केळीचं रोप बाटलीतून काढून पॉलिबॅगमध्ये लागलं, पानं काम करायला लागली, की व्हिटॅमिन बंद.

१५. मी वाचलं की थायमिन, व्हिटॅमिन सी फवारल्यावर रोग कमी झाले, खारट जमिनीत पीक सुधारलं. मग तुम्ही नाही कसं म्हणता?

चांगला प्रश्न, आणि हा खरा अपवाद आहे. २००५ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी दाखवलं की थायमिन दिल्यावर भात आणि इतर काही झाडांची रोगप्रतिकार यंत्रणा जागी होते. व्हिटॅमिन सी, थायमिन, नायसिन यांवर क्षार आणि दुष्काळाच्या ताणात असलेल्या पिकांवरही बरेच प्रयोग झालेत आणि काहींत फायदा दिसतो. पण यात व्हिटॅमिन "पोषण" म्हणून काम करत नाही, इशारा म्हणून करतं, ठरलेल्या तीव्रतेत, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ताणात. ताण नसलेल्या झाडावर परिणाम अगदी थोडा किंवा नाहीच. आणि घरी आपल्याला तो ताणच काढून टाकता येतो, खारट पाणी बंद करता येतं, सावली देता येते. शेतकऱ्याच्या हातात ते नसतं, म्हणून त्याच्यासाठी हे संशोधन महत्त्वाचं आहे आणि ते चालू राहायला पाहिजे.

१६. कृषी केंद्रात "व्हिटॅमिन, अमिनो, सीवीड, ह्युमिक" असं सगळं लिहिलेली बाटली मिळते, सरकारमान्य म्हणतात. घ्यावी का?

२०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात बायोस्टिम्युलंट (खत नव्हे, झाडाला चालना देणारं द्रव्य) हा प्रकार आणला, त्यात सीवीड म्हणजे समुद्री शेवाळ, ह्युमिक म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातलं आम्ल, अमिनो आम्लं यांच्यासोबत व्हिटॅमिन हाही एक गट आहे. हे चांगलंच झालं, आधी यावर कुणाचं लक्षच नव्हतं. पण मंजुरी एखाद्या ठरावीक उत्पादनाला, ठरावीक पिकासाठी, ठरावीक मात्रेत असते, तुमच्या तुळशीला फायदा होईल असा त्याचा अर्थ नाही. लेबलवर तीन गोष्टी बघा, काय किती टक्के आहे, कुठल्या पिकासाठी, आणि किती मात्रा. "सर्व पिकांसाठी वरदान" एवढंच लिहिलं असेल तर ठेवून द्या.

ह्युमिकचा कुंडीत थोडा उपयोग होऊ शकतो, पण तेवढ्याच पैशात गांडूळखताची थैली येते. मी थैली घेईन.

१७. मी शाकाहारी आहे, बी-१२ कमी आहे. पालकाच्या कुंडीत बी-१२ टाकलं तर पालकात येईल का?

बी-१२ फक्त काही जिवाणू आणि त्यांच्यासारखेच आर्किया बनवतात, झाडं नाही. मुळं ते थोडं शोषू शकतात असं प्रयोगांत दिसलंय, पण कुंडीतल्या मातीत टाकलेलं किती शोषलं जाईल याचा भरवसा नाही, त्यावर स्वतःची तब्येत सोडू नका. डॉक्टरांनी दिलेली गोळी तोंडानेच घ्या. दूध-दही-ताकातून काही प्रमाणात मिळतं.

१८. मग घरच्या भाजीत व्हिटॅमिन वाढवायला काय करता येईल?

हे करता येतं आणि ते बाटलीने होत नाही. ऊन द्या, टमाटरला ज्या बाजूने भरपूर ऊन मिळतं तिथे व्हिटॅमिन सी जास्त तयार होतं, फक्त आपल्या मे महिन्यात दुपारची नेट लागतेच. युरिया आवरा, नत्र जास्त झाला की पानं मोठी हिरवीगार दिसतात पण व्हिटॅमिन सी कमी होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ताजं तोडून खाणं. तोडल्यावर पालेभाजीतलं व्हिटॅमिन सी तासातासाने कमी होत जातं, उकळलं की अजून. सांबार म्हणजे कोथिंबीर कुंडीतून तोडून थेट वरणावर टाकलात तर त्याची बरोबरी कुठलीच जुडी करू शकत नाही.

१९. बरं, फायदा नाही, पण नुकसान तर नाही ना? मनाला समाधान म्हणून टाकतो.

व्हिटॅमिनने स्वतःने सहसा नुकसान नाही. नुकसान वेळेचं होतं. गोडनिंबाला लोह हवंय आणि आपण दोन महिने बी-कॉम्प्लेक्स टाकत बसलो तर तेवढ्यात फांद्या सुकायला लागतात. शिवाय बाटलीत सोबत काय आहे ते महत्त्वाचं, एनएएचं प्रश्न ५ मध्ये सांगितलंय.

२०. मला पटत नाही, स्वतः करून बघायचंय. कसं करू?

जरूर करा. एकाच जातीची, एकाच दिवशी लावलेली, एकाच उंचीची किमान दहा-बारा रोपं घ्या, झेंडू किंवा मिरची सोपी पडते. कुंड्या आणि माती सारखी. चिठ्ठ्या टाकून अर्धी निवडा, नाहीतर हात आपोआप चांगली रोपं निवडतो. अर्ध्यांना व्हिटॅमिनचं पाणी, अर्ध्यांना तेवढंच साधं पाणी. बाटलीत खत किंवा संप्रेरक नको, नुसतं व्हिटॅमिन हवं, नाहीतर काय तपासलं तेच कळणार नाही. कुंड्या एकाआड एक ठेवा, एका रांगेला ऊन आणि दुसरीला सावली असं नको. कुंडीखाली नंबर लिहा आणि मोजणाऱ्याला कुठला नंबर कशाचा ते सांगू नका. दीड-दोन महिन्यांनी उंची, फुलं मोजा, जमलं तर मुळं धुऊन वाळवून वजन करा. घरात शाळकरी पोरं असतील तर हे काम त्यांनाच द्या, फार मन लावून करतात.

२१. गच्चीवर ड्रममध्ये संत्र्याचं झाड आहे, पानं बारीक आणि ठिपक्याठिपक्यांनी पिवळी, फळ धरत नाही. यालाही प्रश्न ७ च?

थोडं वेगळं. नवीन पानं लहान, अरुंद, शिरांच्या मधे पिवळे डाग आणि पेरं आखूड, ही जस्ताची खूण, आपल्या भागातल्या संत्र्याला लोहाच्या जोडीनेच होते. झिंक सल्फेट ५ ग्रॅम आणि चुना अडीच ग्रॅम एका लिटरला, चुन्याची निवळी गाळून मिसळायची, नवी पालवी अर्धी वाढलेली असताना संध्याकाळी फवारायचं. चुना का, तर नुसत्या झिंक सल्फेटने कोवळी पानं भाजतात. हिराकस याच द्रावणात मिसळू नका, चुन्याने लोह वाया जातं, आठ दिवसांचं अंतर ठेवा.

मग खाली बघा. आपल्याकडची बरीच कलमं जंबेरी नावाच्या लिंबाच्या खुंटावर (खालच्या मुळाच्या झाडावर) डोळा भरून केलेली असतात, डोळ्याच्या जोडाखालून फुटवा आला असेल, काटेरी आणि जोरात वाढणारा, तर तो जंबेरीचा आहे, लगेच काढा, नाहीतर वरचं संत्र मागे पडतं. जोड मातीत गाडला गेला असेल तर माती मोकळी करा, डिंक्या रोग तिथूनच लागतो. ड्रमला तळाशी भोकं आहेत का आणि ती बुजली नाहीत ना तेही पाहा. तीन-चार वर्षं न झालेलं कलम फळ धरत नसेल तर ते वयाचं आहे, त्यात झाडाचं काही चुकत नाही. एवढं करूनही फरक पडला नाही तर कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत माती तपासून घ्या, आणि तो अहवाल व पानांचे फोटो घेऊन अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत विचारा, संत्र्यावर काम करणारी देशपातळीवरची संस्था आपल्याच गावात आहे. नमुन्यासाठी ड्रमच्या वरची दोन इंच माती बाजूला करून खालची घ्यायची, तीन-चार ठिकाणची मिसळून, सावलीत वाळवून, साधारण अर्धा किलो, आणि खत टाकल्यावर लगेचची नको.